अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय उद्योजिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या धंद्यांचा विषय निघाला की वाचकांकडून तेच तेच प्रश्न येतात. ते इथे एका जागी केले आहेत, सोपे आधी आणि किचकट नंतर. एकदा आलेली गोष्ट पुन्हा सांगण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कायदे आणि सरकारी योजनांचे नियम तिथे सध्या झपाट्याने बदलतायत, त्यामुळे कुठे अर्ज करणार असाल तर ताजे नियम स्वतः पाहून घ्या.

१. उद्योजिका त्या उद्योजिका. त्यात ‘कृष्णवर्णीय’ असं वेगळं काढायचं कारण काय?

आकडे. २०१९ मध्ये अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मालकीचे सुमारे २७ लाख व्यवसाय होते. २०१४ पासूनच्या पाच वर्षांत ही संख्या ५० टक्क्यांनी वाढली होती. दुसऱ्या कुठल्याच गटातल्या स्त्रियांनी हा वेग गाठला नव्हता. पण त्याच वर्षी अशा व्यवसायाची सरासरी वार्षिक उलाढाल होती २४,००० डॉलर. सगळ्या स्त्रियांचे व्यवसाय एकत्र धरले तर सरासरी १,४२,९०० डॉलर येत होती. दुकान उघडण्यात सर्वांच्या पुढे आणि गल्ल्यात सर्वांच्या मागे, असं हे चित्र आहे. मधली दरी कुठून आली, हे बघायचं तर त्यांना वेगळं काढूनच बघावं लागतं.

२. पण संख्या एवढी वाढतेय म्हणजे प्रगती होतेच आहे ना?

अर्धवट. २४,००० डॉलर ही उलाढाल आहे, नफा नाही. त्यातून जागेचं भाडं, माल, विमा, कर सगळं जायचंय. यातले बहुतेक धंदे एकट्या बाईचे आहेत: दिवसा नोकरी आणि संध्याकाळी केक, शिवण, मेकअप, मुलं सांभाळणं किंवा हिशेब लिहून देणं. काहींना हौस असते, काहींना मोकळीक हवी असते, आणि बऱ्याच जणींच्या नोकरीत बढतीची वाट बंद झालेली असते किंवा पगारात महिना भागत नसतो. नोकरी पुरत नाही म्हणून काढलेला धंदा आणि संधी दिसली म्हणून काढलेला धंदा, सरकारी मोजणीत दोन्ही एकसारखेच दिसतात.

माझ्या मते खरा उंबरठा पहिला पगारी माणूस ठेवण्याचा आहे. २०२२ च्या जनगणना विभागाच्या पाहणीत, पगारी नोकर असलेल्या आणि कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या कंपन्या (स्त्री-पुरुष मिळून) दोन लाखांच्या आतच होत्या, म्हणजे अशा सगळ्या कंपन्यांच्या तीन टक्क्यांच्या थोड्या वर. लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे १४ टक्के आहेत. तेव्हा ‘इतके लाख नवे व्यवसाय’ अशी बातमी वाचली की त्यातले किती जण दुसऱ्याला पगार देतायत, हे आधी शोधावं. बातमीत ते बहुधा नसतंच.

३. ही सुरुवात साधारण कधीची? १९५०-६० च्या दशकांतल्या नागरी हक्क चळवळीनंतरची का?

कितीतरी आधीची. एलिझाबेथ केकली या गुलामगिरीत जन्मलेल्या शिवणकाम करणाऱ्या बाई. सेंट लुइसमध्ये त्यांच्या सुईवर मालकाच्या घरची सतरा माणसं दोन वर्षं पाच महिने जेवली, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. स्वतःची आणि मुलाची सुटका करून घ्यायला मालकाने किंमत सांगितली १,२०० डॉलर. ती रक्कम त्यांच्या गिऱ्हाईक बायकांनी उसनी दिली. १८५५ मध्ये त्या मोकळ्या झाल्या, शिवण करून सगळं कर्ज फेडलं, पुढे वॉशिंग्टनला गेल्या आणि लिंकन यांच्या पत्नीचे कपडे शिवू लागल्या. हातातलं कौशल्य आणि गिऱ्हाइकाचा विश्वास एवढंच त्यांचं भांडवल.

दुसरं उदाहरण अटलांटाचं. १८८१ च्या उन्हाळ्यात तिथल्या धोबिणींनी संघटना केली आणि धुण्याचा एकच दर ठरवून संप पुकारला. शहराने दम देण्यासाठी प्रत्येकीवर २५ डॉलर परवाना शुल्क लावायचं घाटलं. धोबिणींनी उलट कळवलं की शुल्क भरू, अगदी ५० डॉलरही भरू, पण मग शहरातल्या धुण्याचा कारभार आमच्या हातात राहील. पोटासाठी लोकांची धुणी धुणाऱ्या या बायकांना आपण ‘धंदा’ करतोय याची पक्की जाण होती.

४. केसांसाठीचा माल विकणाऱ्या मॅडम सी. जे. वॉकर या खरंच पहिल्या स्वकष्टार्जित ‘मिलियनेअर’ स्त्री होत्या का? आणि केस सरळ करण्याचा शोध त्यांचा का?

दुसऱ्याचं उत्तर आधी: नाही. तापवून वापरायचा लोखंडी कंगवा त्यांच्याआधीपासून होता. त्यांचा मुख्य माल म्हणजे गंधक घातलेलं मलम, टाळूचे विकार आणि केस गळणं यांवरचं. तसलं मलम त्यांच्याआधी ॲनी टर्नबो मलोन विकत होत्या, आणि वॉकर काही काळ त्यांच्याच विक्रेत्या होत्या. मलोन यांचं नाव आज मागे पडलंय, हे मला अन्यायाचं वाटतं.

‘मिलियनेअर’ म्हणाल तर १९१९ मध्ये वॉकर वारल्या तेव्हा त्यांची मालमत्ता दहा लाख डॉलरच्या बरीच खाली भरली. आपण अजून तिथे पोचलेलो नाही, हे त्यांनी हयातीतच सांगितलं होतं. पण या वादात त्यांचं खरं काम झाकलं जातं. लुइझियानात १८६७ मध्ये जन्म, सातव्या वर्षी आईबाप गेले, चौदाव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी विधवा, मग लोकांची धुणी. तिथून पुढे इंडियानापोलिसला स्वतःचा कारखाना, आणि दारोदार माल विकणाऱ्या हजारो बाया. त्या काळी कृष्णवर्णीय बाईपुढे शेतमजुरी, धुणं आणि परक्याचं स्वयंपाकघर यापलीकडे फारसं काही नव्हतं. त्यांच्या हातात वॉकर यांनी कमिशनवरचा धंदा दिला. १९१७ मध्ये फिलाडेल्फियात या विक्रेत्यांचा मेळावा भरला. त्यात बक्षिसं जास्त विक्री करणाऱ्यांना तर दिलीच, शिवाय समाजकार्याला जास्त देणगी देणाऱ्यांनाही दिली. मेळाव्यातून राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना तार गेली, ईस्ट सेंट लुइसमधल्या कृष्णवर्णीयांवरच्या हिंसाचाराचा निषेध करणारी.

५. बँक काढणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय बाई कोण?

मॅगी लीना वॉकर. आडनाव तेच, पण मॅडम वॉकरांशी नातं नाही. त्यांची आई आधी गुलामगिरीत होती, नंतर धुणी धुवायची. व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात एक परस्परसाहाय्य संस्था होती: सभासदांनी थोडं थोडं भरायचं, आजारपणाला आणि अंत्यविधीला त्यातून पैसे मिळायचे. मॅगी वॉकर तिच्या प्रमुख झाल्या आणि १९०३ मध्ये त्यांनी सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक उघडली. पहिल्या दिवशी कुणी शंभराच्या वर डॉलर ठेवले, तर एकाने ३१ सेंटवर खातं काढलं. मुलांना गल्ले वाटले जायचे. शंभर पेन्या साठल्या की बँकेत खातं.

१९०५ मध्ये त्यांनी मोठं दुकानही काढलं, कृष्णवर्णीय बायकांना काउंटरवर नोकरी मिळावी म्हणून. ते काही वर्षांतच बंद पडलं. गोऱ्या व्यापाऱ्यांनी घाऊक विक्रेत्यांवर दाब आणून माल अडवायचा प्रयत्न केला होता. बँक मात्र महामंदीतही तगली. १९३० च्या सुमारास आणखी दोन बँकांशी तिचं विलीनीकरण झालं आणि ती पुढे चालत राहिली.

६. ‘आर्थिक सक्षमीकरण’ हा शब्द भाषणात फार वापरला जातो. प्रत्यक्षात काय बदलतं?

एक गोष्ट नक्की बदलते: तुम्हाला कामावरून काढण्याची ताकद कुणाकडे राहत नाही. हे अलाबामातल्या माँटगोमेरीत आणि दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनमध्ये अगदी स्वच्छ दिसतं.

जॉर्जिया गिलमोर माँटगोमेरीच्या एका खाणावळीत स्वयंपाकीण होत्या. बसमधल्या वर्णभेदाविरुद्धचा १९५५-५६ चा बसबहिष्कार ३८१ दिवस चालला. तेवढे दिवस लोकांना कामावर ने-आण करायची तर गाड्या हव्यात, पेट्रोल हवं, दुरुस्ती हवी. गिलमोर आणि त्यांच्या मैत्रिणी घरी केक, पाय आणि जेवण करून विकायच्या आणि पैसे सभेत नेऊन द्यायच्या. गटाचं नाव ठेवलं होतं ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. पैसे कुठून आले असं कुणी विचारलं तर उत्तर तयार: कुठूनच नाही. गोऱ्या घरी कामाला असलेल्या बायकांची नावं त्यामुळे झाकली राहायची. गिलमोर यांनी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खटल्यात साक्ष दिली आणि त्यांची नोकरी गेली. तेव्हा किंग यांनी स्वतःच भांडीकुंडी घ्यायला मदत करून त्यांना घरी खाणावळ काढायला लावली. पुढे चळवळीतल्या नेत्यांच्या बैठका त्या जेवणाच्या टेबलाभोवती होऊ लागल्या.

चार्ल्स्टनच्या सेप्टिमा क्लार्क सरकारी शाळेत शिक्षिका होत्या. राज्याने सरकारी नोकरांना नागरी हक्क संघटनेचं सभासद व्हायला बंदी घातली. त्यांनी सभासदत्व सोडलं नाही म्हणून १९५६ मध्ये त्यांची नोकरी गेली. मतदार नोंदणीसाठी तेव्हा वाचता येणं सक्तीचं होतं, म्हणून जॉन्स बेटावर प्रौढांना शिकवायचा वर्ग सुरू करायचं ठरलं. शिकवायला कोण? क्लार्क यांनी बर्निस रॉबिन्सन यांना गळ घातली. रॉबिन्सन शिक्षिका नव्हत्या, त्या ब्यूटिशियन होत्या. गिऱ्हाइकं सगळी कृष्णवर्णीय, दुकान स्वतःचं. त्यांना काढणार कोण? जानेवारी १९५७ मध्ये एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत वर्ग भरला. रॉबिन्सन यांनी पुस्तक उघडण्याआधी लोकांनाच विचारलं, काय शिकायचंय? उत्तर आलं: सही करायला आणि टपालाने माल मागवायचा फॉर्म भरायला. अशा वर्गांतून पुढे दक्षिणेत हजारो मतदार तयार झाले.

७. सगळी उदाहरणं केसांच्या धंद्याचीच का येतात?

सगळी नाहीत (प्रश्न ३, ५ आणि ८ पाहा), पण केसांचा धंदा मोठा आहे हे खरं. गोऱ्या सलूनमध्ये त्यांना घेत नसत, आणि त्यांच्या केसांची निगा तिथे कुणाला येतही नव्हती. बाहेरच्याने दुर्लक्ष केलेली बाजारपेठ त्यांच्या हाती राहिली.

तिथेही अडवणूक झालीच. आफ्रिकन पद्धतीच्या बारीक वेण्या घालायला ना रसायन लागतं, ना कात्री. तरी अनेक राज्यांत त्यासाठी कॉस्मेटॉलॉजीचा पूर्ण परवाना लागायचा, आणि त्या अभ्यासक्रमात वेण्या जवळजवळ शिकवतच नसत. टेक्सासमध्ये इसिस ब्रँटली यांना १९९७ मध्ये वेण्या घालताना अटक झाली. मिसिसिपीत मेलनी आर्मस्ट्राँग यांनी भांडून २००५ मध्ये कायदा बदलून घेतला. आधी १,५०० तासांचा कोर्स किंवा विगचा ३०० तासांचा कोर्स लागत असे. बदलानंतर २५ डॉलर भरून नोंदणी आणि स्वच्छतेचे नियम, बस. टेक्सासने २०१५ मध्ये वेण्यांसाठी परवान्याची अटच काढून टाकली. एक पैसाही अनुदान न देता सरकारने केलेली ही मदत मला भल्या भल्या योजनांपेक्षा मोलाची वाटते.

८. बँका कर्ज का देत नाहीत? वर्ण बघून नकार देणं तर बेकायदा आहे.

१९७४ च्या समान कर्जसंधी कायद्यात १९७६ मध्ये वर्णाची भर पडली, तेव्हापासून बेकायदा आहे. पण बँक तारण बघते, जुना हिशेब बघते आणि ओळख बघते. तिन्ही ठिकाणी जुना इतिहास वसुलीला उभा असतो.

छोट्या धंद्याला तारण म्हणजे बहुधा राहतं घर. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगाने ‘धोक्याच्या’ म्हणून दाखवल्या गेल्या आणि तिथे गृहकर्ज मिळणं दुरापास्त झालं. घर नाही, म्हणून वारसा नाही, म्हणून तारण नाही. २०२२ मध्ये मध्यम गोऱ्या कुटुंबाची निव्वळ मालमत्ता होती २,८५,००० डॉलर; कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००. सुरुवातीला ‘आईवडिलांकडून थोडे घेतले’ असं सांगणारे उद्योजक आपण नेहमी वाचतो. तो ‘थोडे’चा पहिला टप्पाच इथे गायब असतो.

त्यात बाई असण्याची भर. धंद्यासाठी कर्ज घेताना नवरा, बाप किंवा मुलगा यांची सही मागायची मुभा काही राज्यांत १९८८ पर्यंत होती. त्या वर्षीच्या महिला उद्योजकता कायद्याने ती गेली. त्याआधीच्या सुनावणीत एका उद्योजिकेने सांगितलं होतं की तिच्या कर्जावर तिच्या १७ वर्षांच्या मुलाची सही घ्यावी लागली.

कॅथी ह्यूज यांना वॉशिंग्टनमधलं एक रेडिओ स्टेशन घ्यायचं होतं, साधारण १९८० ची गोष्ट. ३२ ठिकाणी नकार मिळाला. तेहतिसाव्या ठिकाणी समोर एक पोर्तो रिकन बाई होती, तिने होकार दिला. पुढे हप्ते भरताना घर गेलं आणि त्या मुलासकट स्टेशनमध्येच राहिल्या. १९९९ मध्ये त्यांची कंपनी शेअर बाजारात आली. सार्वजनिक कंपनीच्या प्रमुखपदी असलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री.

अलीकडचं उदाहरण कोविडच्या मदतीचं. २०२० मधली पगार-संरक्षण कर्जं बँकांमार्फत वाटली गेली, त्यामुळे जुने खातेदार पुढे आणि बाकीचे रांगेत. शिवाय एकट्याने धंदा करणाऱ्याला किती मिळणार हे निव्वळ नफ्यावर ठरायचं. खर्च वजा जाता नफा नावापुरता, म्हणून कर्जही नावापुरतं. मार्च २०२१ मध्ये नियम बदलून एकूण उत्पन्न धरलं, पण आधी घेऊन बसलेल्यांना फरक मिळाला नाही.

९. मग भांडवल उभं करतात तरी कसं?

स्वतःची बचत, क्रेडिट कार्ड (महागडं, पण हाताशी असलेलं) आणि सूसू. सूसू म्हणजे आपली भिशीच: ठरलेल्या जणांनी दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकायची, पाळीपाळीने एकीने सगळी उचलायची. पश्चिम आफ्रिकेतून कॅरिबियनमध्ये आणि तिथून न्यू यॉर्कला पोचलेली पद्धत. अडचणही भिशीचीच: दहा वर्षं एकही हप्ता न चुकवलेल्या बाईची ही शिस्त बँकेच्या क्रेडिट स्कोअरमध्ये कुठेच दिसत नाही.

त्यापुढे ‘सीडीएफआय’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सामुदायिक वित्तसंस्था आहेत. १९९४ पासून त्यांना सरकारी निधीची जोड मिळते. लघुउद्योग प्रशासनाचं सूक्ष्मकर्ज ५०,००० डॉलरपर्यंत मिळतं. बांगलादेशच्या ग्रामीण बँकेच्या धर्तीवर छोटी कर्जं देणारी ‘ग्रामीण अमेरिका’ ही संस्था २००८ मध्ये न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागातून सुरू झाली, पाच-पाच बायकांचे गट करून.

१०. फिअरलेस फंडचा खटला काय होता? आता फक्त कृष्णवर्णीय स्त्रियांना मदत देणं गुन्हा आहे का?

गुन्हा नाही, पण दिवाणी दावा होऊ शकतो. अटलांटाचा फिअरलेस फंड कृष्णवर्णीय उद्योजिकांसाठी २०,००० डॉलर अनुदानाची स्पर्धा घ्यायचा. व्हेंचर कॅपिटलमधला (नव्या कंपन्यांत हिस्सा घेऊन गुंतवला जाणारा पैसा) एक टक्काही त्यांच्या वाट्याला येत नाही, ही त्यामागची पार्श्वभूमी. ऑगस्ट २०२३ मध्ये एका संघटनेने दावा लावला, आधार १८६६ च्या नागरी हक्क कायद्याचा: करार करताना वर्णावरून भेद करता येणार नाही. नुकत्याच गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी केलेला कायदा त्यांच्याच पणत्यांच्या अनुदानाविरुद्ध उभा राहिला. जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी फंडाच्या विरोधात निर्णय दिला, आणि सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन स्पर्धा कायमची बंद झाली. त्या निर्णयाची थेट बंधनं जॉर्जिया, फ्लोरिडा आणि अलाबामा या तीन राज्यांपुरती, पण धसका देशभर घेतला गेला. अनेकांनी आपल्या अर्जांतली भाषा ‘दुर्लक्षित उद्योजकां’साठी अशी सर्वांना खुली करून घेतली.

११. मी अमेरिकेत राहणारी मराठी बाई आहे. यातलं काही मला लागू होतं का?

होऊ शकतं. केंद्र सरकारने आपल्या खरेदीपैकी ५ टक्के स्त्रियांच्या मालकीच्या व्यवसायांकडून घ्यायचं उद्दिष्ट १९९४ मध्ये ठेवलं आणि ते पहिल्यांदा गाठलं २०१५ मध्ये. ते सगळ्या वर्णांच्या स्त्रियांसाठी आहे. वंचित गटांतल्या लोकांच्या धंद्यांना सरकारी कंत्राटं मिळवून देणाऱ्या ‘८(अ)’ या दुसऱ्या योजनेत १९८२ पासून भारतीय उपखंडातून आलेल्यांचाही समावेश होता. म्हणजे कृष्णवर्णीयांच्या लढ्यातून आलेल्या योजनेचा फायदा आपल्या लोकांनीही घेतलाय. विसरायला होतं म्हणून सांगितलं. २०२३ मध्ये टेनेसीतल्या एका न्यायालयाने ठराविक गटांना आपोआप ‘वंचित’ धरणं थांबवलं. त्यानंतर प्रत्येक अर्जदाराला आपल्यावर झालेला भेदभाव प्रसंगांनिशी लिहून द्यावा लागू लागला.

दोन्हीकडे अमेरिकन नागरिकत्व लागतं. ग्रीन कार्ड पुरत नाही. एच-४ व्हिसावर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) असाल तर कामाच्या परवान्याशिवाय धंद्यात काम करता येत नाही, हा मुद्दा त्याआधीचा.

१२. स्त्रियांसाठीच्या या योजनेत जायला नवऱ्याचा धंदा बायकोच्या नावावर केला तर चालेल?

नाही. ५१ टक्के मालकी कागदावर असून भागत नाही; रोजचा कारभार आणि दूरचे निर्णय तिच्या हातात आहेत हे दाखवावं लागतं. धंद्याला परवाना लागत असेल आणि तो नवऱ्याच्या नावावर असेल, तिच्यापेक्षा त्याचा पगार जास्त असेल, तर प्रश्न विचारले जातात. आपल्याकडे सरपंचपती असतात तसे तिथे कंपनीपती असतात, आणि तपासणाऱ्यांना ते ठाऊक आहेत.

१३. मोठ्या कंपनीला ब्रँड विकला की तो ‘आपला’ राहतो का? ग्राहक का चिडतात?

लिसा प्राइस यांनी १९९३ मध्ये ब्रुकलिनच्या घरात १०० डॉलरवर केसांच्या आणि त्वचेच्या मालाचं ‘कॅरल्स डॉटर’ सुरू केलं (कॅरल हे आईचं नाव) आणि २०१४ मध्ये ते लोरिआलला विकलं. लोक रागावले. बिअट्रिस डिक्सन यांच्या, स्त्रियांच्या अंगस्वच्छतेचा माल बनवणाऱ्या ‘हनी पॉट’चं तर न विकताच झालं: २०२२ मध्ये मालातले घटक बदलले, आणि कंपनी विकली गेल्याची आवई उठली. डिक्सन यांना पुढे येऊन खुलासा करावा लागला. २०२४ मध्ये बहुसंख्य हिस्सा खरोखर विकला, तेव्हा कंपनीची किंमत ३८ कोटी डॉलर धरली होती.

ग्राहकांचा राग मला समजतो, पण पटत नाही. गोऱ्या उद्योजकाने कंपनी विकली की त्याला यशस्वी म्हणतात. प्रश्न ८ मधली मालमत्तेची दरी बघितली तर एका पिढीत एवढी रक्कम घरात आणायचा दुसरा मार्ग फारसा नाहीच. विचारायचं असेल तर हे विचारावं: विक्रीत जुन्या नोकरांना काही मिळालं का, आणि मालाचा दर्जा टिकला का.

१४. आपल्या बचत गटांशी तुलना होऊ शकते का?

काही अंगांनी. माण तालुक्यातल्या म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी बायकांची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा प्रवर्तक निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायका अक्षरओळख करून परत गेल्या आणि म्हणाल्या, मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो. तुमच्या साहेबांना कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा, बघू कोण आधी काढतं. १९९७ मध्ये बँक सुरू झाली. मॅगी वॉकरांच्या ३१ सेंटच्या खातेदाराला तिथे परकं वाटलं नसतं.

फरक पुढे लागतो. बचत गटाला बँकेशी जोडणारी यंत्रणा नाबार्डने १९९२ पासून उभी केली. गटाची बचत आणि परतफेड ही तिथे पत धरली जाते. अमेरिकेत सूसूच्या मागे अशी यंत्रणा नाही, तिथे शेवटी एकटीचा क्रेडिट स्कोअर बोलतो. उलट गटाच्या छोट्या कर्जातून बाहेर पडून स्वतःच्या नावावर दहा-वीस लाखांचं कर्ज मागायला गेलेल्या आपल्याकडच्या बाईला विचारा. बँक तिच्याकडे घराचा उतारा मागते, आणि तो सासऱ्याच्या नावावर असतो.